वाचकांचे प्रश्न: ओंडक्यांच्या घरातील वायरिंगचा अंदाज

प्रश्न: आम्ही नॉर्थ कॅरोलिनातील केरी येथे राहतो. बूनजवळ डोंगरात जागा घेतली असून तिथे ओंडक्यांचे घर बांधायचे ठरते आहे. ओंडके कारखान्यात कापून, त्यांच्यावर क्रमांक घालून जागेवर येतील. तळमजला 36 फूट बाय 28 फूट असेल आणि त्याच्या निम्म्या भागावर माळा असेल. कंपनीने सांगितलेल्या किमतीत वायरिंग धरलेले नाही. येथील ओळखीचा इलेक्ट्रिशियन चौरस फुटावर दर सांगतो, तर पुण्यात फ्लॅटचे काम करून घेतले तेव्हा वायरमनने पॉइंटवर दर लावला होता. आम्ही अंदाज कोणत्या पद्धतीने काढावा?
— एक वाचक, केरी

उत्तर: आपल्या पुण्याच्या वायरमनची पद्धत अधिक उपयोगी पडेल, मात्र तिच्यात एक रकाना वाढवावा लागेल. प्रत्येक पॉइंट कोणत्या भिंतीत आहे, हे त्या रकान्यात लिहायचे.

चौरस फुटाचा दर अमेरिकेतील नेहमीच्या घरांसाठी बसवलेला असतो. त्या घरांच्या भिंती उभ्या दांडक्यांच्या चौकटीवर उभ्या असतात आणि आत पोकळ असतात. चौकट उभी राहिली की इलेक्ट्रिशियन दोन-तीन दिवसांत केबल ओवून मोकळा होतो, आणि त्यानंतर भिंतीला प्लास्टरबोर्ड लागतो. आपल्याकडे विटांच्या भिंतीला झिरी मारून पाइप बसवतात आणि वरून गिलावा करतात, त्यामुळे पॉइंट विसरला तरी पुन्हा झिरी मारून वेळ निभावून नेता येते. ओंडक्यांच्या भिंतीला पोकळीही नाही आणि गिलावाही नाही. बाहेरून दिसते तेच लाकूड आतूनही दिसते. त्यामुळे भिंतीच्या आतून जायला केबलला एकच वाट उरते, ती म्हणजे जोत्याखालच्या पोकळीतून वर, प्रत्येक ओंडक्याला उभे भोक पाडून. हे भोक त्याच्या वरचा ओंडका बसण्यापूर्वी पाडावे लागते. चौरस फुटाच्या दरात या कामाचा हिशेब नसतो. तो दर सांगणाऱ्याने एकतर अशा घराचे काम केलेले नसते, किंवा जोखीम म्हणून त्याने आकडा आधीच फुगवलेला असतो.

म्हणून आधी नकाशावर पॉइंट मोजून घ्या. आपला ओंडका थरात 8 इंच उंची देतो असे धरले, तर 8 फुटांच्या भिंतीत 12 थर येतात. आपल्या तळमजल्याची बाहेरची परिमिती 128 फूट आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार राहत्या खोलीच्या भिंतीवरील कोणतीही जागा सॉकेटपासून 6 फुटांपेक्षा दूर असता कामा नये, म्हणजे दोन सॉकेटांत फार तर 12 फुटांचे अंतर चालते. 2 फूट किंवा त्याहून रुंद असलेला भिंतीचा तुकडाही यात मोजला जातो. 128 ला 12 ने भागले तर 11 च्या आत उत्तर येते, पण दारे आणि कोपरे यांनी भिंतीचे तुकडे पडतात, त्यामुळे बाहेरच्या भिंतींत 14 सॉकेट धरणे बरे. त्यांच्या जोडीला बाहेरच्या भिंतींवर 6 स्विचबोर्ड आणि 4 भिंतदिवे असतील असे समजू.

आता भोके मोजू. सॉकेट तिसऱ्या ओंडक्याच्या मध्यावर, म्हणजे जमिनीपासून 20 इंचांवर येईल, तेव्हा एका सॉकेटमागे 3 ओंडक्यांत भोक पाडावे लागेल आणि 14 सॉकेटांची 42 भोके होतील. स्विच नेहमीप्रमाणे 48 इंचांवर ठेवला, तर त्याची पेटी बरोबर सहाव्या आणि सातव्या ओंडक्याच्या सांध्यावर येते. सांध्याच्या गोलाईवर पेटीची चौकट कधीच सपाट बसत नाही आणि लाकडासारख्या जळाऊ पृष्ठभागात पेटीची कड आत खोल राहिलेली संहितेला चालत नाही. म्हणून जाणकार माणूस स्विच 44 इंचांवर, सहाव्या ओंडक्याच्या मध्यावर घेतो. अशा 6 स्विचबोर्डांची 36 भोके झाली. भिंतदिवे नवव्या ओंडक्यावर, 68 इंचांवर येतात, तेव्हा त्या 4 दिव्यांचीही 36 भोके झाली. एकूण 114. म्हणजे 4 शोभेच्या दिव्यांची ड्रिलिंगची मजुरी 14 सॉकेटांच्या मजुरीच्या जवळपास जाऊन पोहोचते! हा आकडा मांडून दाखवला की घरातल्या मंडळींचा भिंतदिव्यांचा उत्साह थोडा कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

लांब गिरमिटाने एका ओंडक्याला भोक पाडणे, ते खालच्या भोकाच्या रेषेत आहे की नाही हे पाहणे आणि केबल किंवा ओढतार वर घेणे याला सरासरी 5 मिनिटे धरली, तर 114 भोकांना साडेनऊ तास लागतात. पेटीसाठी पटाशीने किंवा राउटर या लाकूड कोरण्याच्या यंत्राने खोबण करायला प्रत्येकी अर्धा तास धरला, तर 24 पेट्यांना 12 तास होतात. एकूण साडेएकवीस तास झाले. उदाहरणापुरता ताशी 90 डॉलर दर घेतला तर 1,935 डॉलर होतात. आपल्या भागातला दर वेगळा असेल, तो घालून हेच गणित पुन्हा करावे. घर ओंडक्यांचे आहे म्हणून भिंतींच्या कामात वाढणारी मजुरी मुख्यतः एवढीच असते. भिंतींतले बाकीचे वायरिंग इतर घरांसारखेच असते.

हा वाढीव खर्च नकाशावरच कमी करता येतो. आतल्या खोल्यांच्या भिंती बहुधा साध्या दांडक्यांच्या चौकटीच्या असतात, त्या पोकळ असतात आणि त्यांतून केबल सहज जाते. स्विच जमतील तितके या भिंतींवर घ्यावेत. मुख्य दाराजवळचा स्विच जवळच्या आतल्या भिंतीवर नेता येत नसेल, तर दाराची चौकट आणि ओंडके यांच्यामधल्या फटीतून केबल वर नेऊन ती पट्टीखाली झाकता येते. भिंतदिव्यांऐवजी आतल्या भिंतीवरचे दिवे किंवा तुळईवर बसवलेले दिवे घ्यावेत. एवढे केले तर बाहेरच्या भिंतींत 14 सॉकेट आणि 42 भोके उरतात. त्यांना साडेतीन तास आणि पेट्यांना 7 तास असे साडेदहा तास होतात, म्हणजे वाढीव मजुरी निम्म्याहून कमी होते. ओंडक्याला हातही लावायचा नसेल तर जमिनीत बसवायचे सॉकेट घेता येते, परंतु ते भिंतीपासून 18 इंचांच्या आत असेल तरच संहितेच्या मोजणीत धरले जाते, आणि त्यासाठी जमिनीत बसवण्याकरता मान्यता मिळालेलीच पेटी लागते. ओट्यामागच्या भिंतीला मात्र आतून दांडक्यांची खोटी भिंत करून घ्यावी. तिथे नळाचे पाइपही असतात आणि ओट्यावरील सॉकेटांचे नियमही कडक आहेत, कारण ओट्याच्या भिंतीवरील कोणतीही जागा सॉकेटपासून 24 इंचांपेक्षा दूर चालत नाही.

सर्किटांचा हिशेब भिंतीवर अवलंबून नाही. माळा धरून आपले क्षेत्रफळ 1,512 चौरस फूट होते. संहितेप्रमाणे साध्या दिवे-सॉकेटांसाठी चौरस फुटाला 3 व्होल्ट-अँपिअर भार धरतात. म्हणजे 4,536 व्होल्ट-अँपिअर झाले. त्याला 120 व्होल्टने भागले की 37.8 अँपिअर येतात, तेव्हा 15 अँपिअरची किमान 3 सर्किटे लागतील. स्वयंपाकघरातील ओट्यासाठी 20 अँपिअरची किमान 2, धुण्याच्या यंत्रासाठी 1 आणि न्हाणीघरासाठी 1 सर्किट यांच्यावर वेगळे. शेगडी, पाणी तापवण्याची टाकी, कपडे वाळवण्याचे यंत्र आणि हीट पंप यांची 240 व्होल्टची सर्किटे निराळी. डोंगरात बहुधा विहिरीचा पंपही लागतोच, त्याचे सर्किटही धरावे. एका कुटुंबाच्या घराला 100 अँपिअरचा पुरवठा किमान आहे, मात्र इतक्या यंत्रांसाठी हल्ली 200 अँपिअरचाच घेतात. राहत्या खोल्यांच्या सर्किटांना ठिणगी ओळखून वीज तोडणारे आर्क-फॉल्ट ब्रेकर लागतात, आणि त्यांची किंमत साध्या ब्रेकरच्या कित्येक पट असते. यादीत नुसते ‘ब्रेकर’ असे लिहून मोकळे होऊ नका.

लाकूड बसते, हेही अंदाजात धरावे लागते. न वाळवलेल्या, हाताने घडवलेल्या ओंडक्यांची भिंत फुटामागे अर्धा ते पाऊण इंच खाली बसते, म्हणजे 8 फुटांची भिंत 4 ते 6 इंचांनी उतरते. भट्टीत वाळवलेल्या ओंडक्यांत हे प्रमाण बरेच कमी असते. आपल्या कंपनीचे ओंडके कोणते आहेत, ते विचारून घ्या. बसणाऱ्या भिंतीत केबलला प्रत्येक पेटीजवळ थोडी ढील ठेवावी लागते आणि बाहेरून मीटरला येणारा ताठ पाइप ओंडक्यांना घट्ट आवळता येत नाही. तो सरकेल अशा रीतीने बसवावा, किंवा मीटरसाठी घराबाहेर वेगळा खांब घ्यावा. खांब घेतलात तर त्याची किंमत अंदाजात घालायला विसरू नका.

छतात आतून फळ्यांची तक्तपोशी आणि उघड्या तुळया असल्या की वर पोटमाळ्याची पोकळी राहत नाही. त्यामुळे छतातील दिव्यांच्या केबल तक्तपोशी बसण्याआधीच टाकाव्या लागतात, आणि आढ्याजवळचा दिवा लावायला परांची बांधावी लागते. परांचीचे भाडे इलेक्ट्रिशियनच्या अंदाजात आहे की सुताराच्या, हा प्रश्न लेखी विचारा. दोघांच्याही अंदाजात ती नसण्याची शक्यता अधिक.

खर्च फुगवणारी खरी गोष्ट माझ्या मते निराळीच आहे, ती म्हणजे ओंडके रचताना राहून गेलेला पॉइंट. एका कामावर पाचवा ओंडका बसला तेव्हा माझ्याकडून एका स्विचची खूण राहून गेली आणि ती चूक नवव्या थराला लक्षात आली. क्रेन उभी, तिचे भाडे चालू, चार माणसे वरच्या ओंडक्याला दोर लावून माझ्याकडे बघत आहेत, आणि मी फुटपट्टी घेऊन नकाशावर वाकलेलो. शेवटी तो स्विच पृष्ठभागावरच्या धातूच्या पट्टीतून न्यावा लागला आणि अजूनही तो तिथे तसाच दिसतो. ओंडके रचले जात असताना इलेक्ट्रिशियनला तीन-चार वेळा जागेवर यावे लागते, तेव्हा डोंगरातल्या प्रवासाचे तास वेगळे लिहून घ्या. भोके ओंडके रचणारी मंडळी पाडणार की इलेक्ट्रिशियन, हे कोणत्यातरी एकाच करारात स्पष्ट लिहिलेले असावे. काही कंपन्या कारखान्यातच भोके पाडून देतात. तसे असेल तर पॉइंटचा नकाशा ओंडके कापायला जाण्यापूर्वी पक्का करावा लागतो, आणि नंतर त्यात केलेला बदल फार महाग पडतो.

इमारत विभागाच्या तपासनिसालाही आधी भेटून घ्यावे. नेहमीच्या घरात भिंत झाकण्यापूर्वी तो केबल डोळ्यांनी पाहतो. येथे मात्र भिंत उभी राहता राहताच केबल झाकली जाते. तो टप्प्याटप्प्याने येणार की छायाचित्रांवर समाधान मानणार, हे त्यालाच ठरवू द्या. भोकाची कड ओंडक्याच्या पृष्ठभागापासून निदान सव्वा इंच आत असावी, अन्यथा केबलवर पोलादी पत्रा बसवावा लागतो. जाड ओंडक्यात हे सहसा आपोआप साधते, मात्र पेटीच्या खोबणीपाशी लक्ष ठेवावे.

राहता राहिला रस्त्यापासून घरापर्यंतचा पुरवठा. त्याचा ओंडक्यांशी काही संबंध नाही, तरी डोंगरातील जागेत हाच आकडा सर्वांत मोठा निघू शकतो. जमिनीत थेट पुरलेली केबल साधारणपणे 24 इंच खोल आणि पीव्हीसी पाइपातून नेलेली 18 इंच खोल असावी लागते. खडक लागला की खणण्याचा दर बदलतो, आणि अंतर लांब असेल तर व्होल्टेज पडू नये म्हणून केबल जाड घ्यावी लागते. वीज कंपनीकडून त्या अंतराचा अंदाज घर ठरवण्यापूर्वीच मागवा.

प्रश्न: माझ्या मुलीने कोलोरॅडोत ओंडक्यांचे जुने घर विकत घेतले आहे. वायरिंग बदलण्यासाठी तिने दोन अंदाज मागवले, तर एक दुसऱ्याच्या दुप्पट निघाला. तिकडच्या कामाची मला माहिती नाही, मात्र ती मलाच विचारते. स्वस्त अंदाज घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: दोन्ही अंदाज समोरासमोर ठेवून त्यांत काय धरलेले नाही ते पाहायला मुलीला सांगा. दुपटीचा फरक नुसत्या मजुरीच्या दरातून क्वचितच येतो. मुख्य पॅनेल बदलणे, परवाना आणि तपासणी, आर्क-फॉल्ट ब्रेकर, जुनी केबल काढून टाकणे आणि दिव्यांची खरेदी या बाबी एकाच्या यादीत असतात आणि दुसऱ्याच्या यादीत नसतात.

जुन्या ओंडक्यांच्या भिंतीत नवी उभी भोके पाडता येत नाहीत, त्यामुळे नवी केबल जोत्याखालून आणून भिंतीच्या तळाशी उंच पोकळ पट्टीतून फिरवतात, दारा-खिडक्यांच्या चौकटीमागून वर नेतात, किंवा धातूच्या उघड्या पट्टीतून नेतात. स्वस्त अंदाजात बहुतेक ठिकाणी उघडी पट्टी असणार. ती सुरक्षित असते, पण प्रश्न दिसण्याचा आहे, आणि तो मुलीने जागेवर उभे राहून ठरवावा.

आणखी एक मार्ग असा की, जुन्या दोन-खाचांच्या, अर्थिंग नसलेल्या सॉकेटांच्या जागी गळती ओळखून वीज तोडणारी जीएफसीआय सॉकेटे बसवायला संहिता परवानगी देते, मात्र त्यांवर ‘अर्थिंग नाही’ अशा अर्थाची इंग्रजी खूण लावावी लागते. शयनगृहातील दिवा आणि मोबाइलचा चार्जर यांना एवढे पुरे आहे. संगणक, फ्रिज आणि स्वयंपाकघर यांच्यासाठी मात्र अर्थिंगसह नवी केबलच घ्यावी. सगळे घर एकदम न बदलता असे भाग पाडले तर महाग अंदाजसुद्धा आवाक्यात येतो. घर साधारण 1965 ते 1973 या काळातले असेल, तर आतली तार ॲल्युमिनियमची आहे का, हे मात्र पैसे ठरण्यापूर्वीच उघडून पाहायला सांगा. तशी तार निघाली तर तिचे सांधे तापण्याचा धोका असतो, आणि अंदाज पुन्हा नव्याने काढावा लागतो.

प्रश्न: भोरजवळ आमच्या शेतावर पर्यटकांसाठी लाकडाच्या सहा कॉटेज उभ्या करायच्या आहेत. भिंती पाइनच्या फळ्यांच्या आणि आतून पोकळ आहेत. वायरमन पॉइंटवर दर सांगतो. त्यात काय धरलेले असते आणि काय नसते?
— एक वाचक, भोर

उत्तर: दिव्याच्या पॉइंटमध्ये स्विचपासून दिव्यापर्यंतची वायर, पाइप, स्विच आणि मजुरी धरतात. 16 अँपिअरच्या पॉवर पॉइंटचा दर वेगळा असतो. मुख्य बोर्डापासून स्विचबोर्डापर्यंतची वायर, एमसीबी, अर्थिंग आणि पंखे-दिवे यांत सहसा नसतात, आणि वाद नेमका तिथेच होतो. ‘वायर कोणाची’ हे आधी ठरवा. वायर आपण आणणार असाल तर ती 90 मीटरच्या कॉइलमध्ये मिळते. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, सॉकेटांना अडीच आणि गिझरला चार, असा साधारण हिशेब असतो.

लाकडाच्या भिंतीत वायर मोकळी सोडू देऊ नका, पोकळीतसुद्धा नाही. शेतावरच्या पोकळ भिंतीत उंदीर येणारच, तेव्हा सगळी वायर पाइपातून घ्या. आग लागली तरी कमी धूर करणारी एफआरएलएस वायर थोडी महाग असते, पण पाहुणे झोपणार आहेत अशा लाकडी खोलीसाठी तीच घ्यावी. प्रत्येक कॉटेजला गळती ओळखून वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी लावला, तर एका कॉटेजच्या गिझरमधल्या गळतीमुळे बाकीच्या पाच कॉटेज अंधारात जात नाहीत.

आपल्या अंदाजात पॉइंटपेक्षा मोठा आकडा मीटरपासून सहा कॉटेजपर्यंत जाणाऱ्या आर्मर्ड, म्हणजे धातूचे कवच असलेल्या केबलचा आणि तिच्या चराचा निघेल. उतारावरचे अंतर कागदावर मोजू नका, तेथे टेप धरूनच मोजा, आणि प्रत्येक टोकाला वळणासाठी व जोडणीसाठी जास्तीची केबल धरा. काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्या, कारण नवीन जोडणीसाठी महावितरणला त्याचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. कामाचा दर ठरवतानाच त्या अहवालाचे शुल्क दरात आहे की वेगळे, हे त्याच्याकडून लिहून घ्या.